सायकलीने ती गेली नाही

तेरवीच्या पंगतीत मी पाणी वाढत होतो. ज्याची बायको गेली त्यानं वाढायला घेऊ नये, असं कोणीतरी म्हणालं. पण हात रिकामे असले की लोक जवळ येऊन बसतात, खांद्यावर हात ठेवतात, म्हणून मी पाण्याचा जग उचलला होता. बायकांच्या ओळीशी आलो तेव्हा माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको, शेजारणीला सांगत होती, "सायकलीनं नेलं वो तिले. हार्टच्या पेशंटले कोणी सायकल चालवाले लावते काय?"

"हव ना," शेजारीण म्हणाली आणि कढीचा घोट घेतला.

मी दोघींच्या पेल्यांत पाणी ओतलं आणि पुढे सरकलो. त्या दिवशी बोललो नाही. तेरवीला भांडायचं नसतं, निदान जिची तेरवी आहे तिच्या नवऱ्यानं तरी नाही. पण पुढच्या दिवसांत तेच वाक्य माझ्याच घरात मला सांत्वन म्हणून ऐकवलं जाऊ लागलं. रायपूरमधली मराठी घरं एकमेकांना ओळखतात. बहुतेक नोकरीसाठी विदर्भातून आलेली; गणपतीत, हळदीकुंकवाला, कोजागिरीला तीच ती माणसं भेटतात. शंकर नगरात सुटलेलं वाक्य समता कॉलनीत पोचायला वेळ लागत नाही. तिथून ते तेलीबांध्याच्या नव्या फ्लॅटांमध्येही गेलं. तुमचा काय दोष, डॉक्टरांनीच तिला सायकलीवर बसवलं, असं लोक मला प्रेमानं सांगू लागले. मी त्यावर मान हलवत नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणून हे लिहितो आहे. हळू लिहितो, कारण राग आला की माझं अक्षर मलाच वाचता येत नाही.

राज्य नवं झालं तेव्हा कर्मचाऱ्यांची वाटणी झाली आणि आम्ही भोपाळहून रायपूरला आलो. मी एका सरकारी संस्थेच्या ग्रंथालयात होतो. थोरला भाऊ रेल्वेत, तो आधीपासून इथेच. आम्हाला शंकर नगरात दुसऱ्या मजल्यावर घर मिळालं. लिफ्ट नव्हती, आणि तेव्हा जिना हा काही विचार करण्याचा विषयही नव्हता. पुढे कार्यालयं नव्या रायपूरला हलली, मी सकाळी बसनं तिकडे जाऊ लागलो, त्या सुमाराला तिला एक ताप आला. ताप गेला, पण दम राहिला. आधी जिन्यावर, मग न्हाणीघरातून येताना, मग नुसतं बोलताना. पावलं सुजली. तपासण्या झाल्या आणि मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की त्या तापानं हृदयाचा स्नायू दुबळा झाला आहे, रक्त पुढे ढकलायला तो कमी पडतो, म्हणून पाणी अंगात साठतं. गोळ्या दिल्या. त्यातली एक लघवीची, साठलेलं पाणी बाहेर काढणारी. मग आम्ही उठलो तेव्हा ते म्हणाले, "पूर्ण आराम."

चालायचं किती, असं मी विचारलं. ते म्हणाले, घर का काम करती हैं ना, वही बहुत है. आराम आणि घरकाम ही दोन्ही एकाच दमात कशी सांगितली, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. पण आमच्या माणसांनी त्यातला फक्त आराम घेतला आणि तो इतक्या जिवापाड पाळला की वर्षभरात तिचे पाय काठीसारखे झाले.

भाजी निवडायला घेतली की समोरची परात कोणीतरी उचलून नेई. खिडकीशी उभी राहिली की मागून खुर्ची येई. पाहायला येणाऱ्या बायका दारातूनच हातानं खूण करत, उठू नको, पडून राहा. त्यांच्या बोलण्यात एक हिशेब होता: आजारी माणूस पडलेलं दिसलं तर घरचे नीट सांभाळताहेत, चालताना दिसलं तर नाही. एकदा मी तिला हात धरून गॅलरीत फिरवत होतो तर समोरच्या इमारतीतल्या बाईंनी दुसऱ्या दिवशी वहिनीला सांगितलं, तुमचे दीर बायकोले चालवून राहिले. वहिनी संध्याकाळीच येऊन मला रागावून गेली. माणूस वाईट नाही ती. त्या वर्षभर आमचा एक वेळचा डबा तिच्याकडून येत होता आणि त्यात मीठ मोजून घातलेलं असायचं. म्हणून तिच्यावरचा राग मला अधिक छळतो. दुष्ट माणसावर रागावणं सोपं असतं.

दवाखान्यात न्यायचं तर तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून शेजारचे दोघे जिन्यानं उतरवत. खालच्या मजल्यावरची दारं उघडत. ती पदर तोंडापर्यंत ओढून घ्यायची. थंडी नसायची, ऊनही नसायचं. एकदा परत आल्यावर ती पलंगावर बसली आणि म्हणाली, "मले माझ्या पायानं जिना उतराचा आहे. अन् माझ्या पायानं चढाचा. बाकी काही नको."

एवढंच तिला हवं होतं. पुढे जे काही झालं ते या एका गोष्टीसाठी.

मोठे डॉक्टर दुसऱ्या शहरात गेले म्हणून आम्हाला दुसरे डॉक्टर शोधावे लागले. मिळाल्या त्या बाई तरुण होत्या. त्यांनी तिच्या मांड्या हातानं चाचपल्या आणि विचारलं, किती दिवस पडून आहात? मग त्या माझ्यावर चिडल्या. तब्येत स्थिर असेल तर या आजारात पडून राहणं हे औषध नाही, असं त्या म्हणाल्या. दुबळ्या हृदयाला दुबळे पाय मिळाले की ते आणखी थकतं. पाय तयार केले तर तेच हृदय पुरतं. समता कॉलनीजवळच्या एका दवाखान्यात अशा पेशंटांसाठी व्यायामाचा वर्ग होता, तिथे त्यांनी पाठवलं.

तो तळमजल्यावरचा एक लांबट हॉल होता. भिंतीला टेकून खुर्च्या, रबराच्या पट्ट्या, चालण्याचा एक पट्टा, आणि दोन सायकली. त्यांना चाकं नव्हती. बसायला पाठ टेकता येईल अशी सीट, आणि पॅडल इतकी हलकी की पहिल्या दिवशी मी हातानं फिरवून पाहिली. हीच ती सायकल. जिनं माझ्या बायकोला नेलं असं सगळं शहर सांगतं ती.

शिकवणारी मुलगी बिलासपूरकडची. तिच्या आईच्या वयाचे पेशंट तिला दीदी म्हणत आणि ती त्यांना अंकल-आंटी. तिचा एक नियम होता. पॅडल मारताना बोलत राहायचं. गप्प बसलेलं तिला चालत नसे. बोलणं अडखळलं की ती येऊन वेग कमी करी. "बात टूटी, मतलब ज़्यादा हो गया, आंटी. गाड़ी धीरे करो." तिला मराठी येत नव्हतं. त्यानं काही अडत नव्हतं. तिला फक्त श्वास ऐकायचा असायचा.

पहिल्या आठवड्यात माझी बायको काय बोलणार? ती मुळात कमी बोलणारी, त्यात आजारानं तिची वाक्यं लहान झाली होती. चहा. खिडकी लावा. झोप नाही. मी जन्मभर पुस्तकांत बसलेला माणूस, पण घरातली वाक्यं आखूड होत चालली आहेत हे मला ती पुन्हा लांब होऊ लागल्यावर कळलं.

लांब झाली ती दुसऱ्या सायकलीवरच्या बाईंमुळे. त्या समता कॉलनीतल्याच, मराठी, रेल्वेतून निवृत्त झालेल्या गार्डच्या पत्नी. नवरा कधीचा गेलेला, मुलगा-सुनेसोबत राहायच्या. आजार तोच, वयानं थोड्या मोठ्या. त्यांना सगळे काकू म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. पहिल्याच दिवशी त्यांनी हिला विचारलं, गोळाभातात गोळे आधी वाफवता की तसेच घालता? हिनं सांगितलं, तसेच. काकू म्हणाल्या, मग तो गोळाभात नाही झाला, ती डाळभाताची खिचडी झाली. हिला राग आला. आणि राग आल्यावर ती पॅडल मारता मारता, न थांबता, आईच्या हातचा गोळाभात कसा असायचा ते सांगत राहिली. दीदी लांबून माझ्याकडे पाहून हसली.

मी दारात उभा असायचो. काकू म्हणायच्या, "तुझा नवरा पाह्य कसा टीसीसारखा उभा आहे. आमचं तिकीट आहे म्हणा, भाऊ."

काही महिने गेले. एका सकाळी मी दाढी करत असताना ती पिशवी घेऊन बाहेर पडली. मी गॅलरीत धावलो. ती कठड्याला धरून एक एक पायरी उतरली, खाली भाजीवालीशी भाव करत बसली, आणि लालभाजीची जुडी घेऊन वर आली. मधल्या वळणावर थांबली. शेवटच्या पायरीवर बसली. दम लागला होता, पण ती हसत होती आणि हसता हसता भाजीवालीनं जुडी कशी लहान दिली ते पूर्ण सांगत होती. माझ्या गालावरचा साबण वाळून गेला होता.

दुसऱ्या एखाद्या शहरात ही गोष्ट इथे संपली असती. आमच्याकडे इथून सुरू झाली.

चालणारी आजारी बाई लोकांना समजत नाही. पडून होती तोवर तिची कीव करता येत होती. आता ती जिना उतरते, दवाखान्यात जाऊन सायकल चालवते, तर मग ती आजारी कसली? हळदीकुंकवाला गेली की कोणीतरी म्हणायचं, आता तर तू ठणठणीत झालीस. वहिनीला तर त्या सायकलीचाच राग होता. आमचं सारं आयुष्य ओट्यापाशी गेलं, आमच्यासाठी कोणी सायकल आणली नाही, असं ती म्हणे, आणि ते खोटंही नव्हतं. पण मग म्हणे, "सायकल चालते तर पोळपाटावर हात काहून चालत नाही?"

हा टोमणा कुठे जाऊन लागणार हे तिला ठाऊक होतं. आमच्या घरच्या महालक्ष्म्या, भाद्रपदातल्या, आधीपासून आमच्याकडे बसायच्या, कारण थोरल्या भावाच्या बदल्या होत. माझ्या आईनंच मुखवटे हिच्या हाती दिले होते. हिच्या आजारपणात ते वहिनीकडे गेले. हिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या तीन दिवसांत ती भिंतीकडे तोंड करून असायची. त्या वर्षी श्रावण संपत आला तशी तिनं जाहीर केलं की महालक्ष्म्या आपल्या घरी येतील.

मी म्हटलं, येऊ दे, पण स्वयंपाकाला बाई लावू. सोवळं नको. वहिनीनं ऐकलं आणि म्हणाली, महालक्ष्मीला विकतचा नैवेद्य दाखवणार का भाऊजी? पुरण, सोळा भाज्या, आंबील, वडे, हे सगळं सोवळ्यात, आंघोळ करून, रेशमी लुगडं नेसून, नैवेद्य होईपर्यंत तोंडात काही न घालता. मदतीला मी येतेच, असंही म्हणाली आणि आली. मी हिच्याकडे पाहिलं. हिला माझा आधार नको होता. "मले जमते," ती म्हणाली. "तुम्ही मधात पडू नका."

दीदीला सुट्टी सांगायला आम्ही गेलो तेव्हा तिनं हरकत घेतली नाही. सणाला नाही म्हणून चालत नाही हे तिलाही ठाऊक असणार. ती एवढंच म्हणाली, "आंटी, साइकिल छोड़ दो चार दिन, गोली मत छोड़ना." हिनं हव म्हटलं.

त्या तीन दिवसांत मी माझ्याच घराच्या स्वयंपाकघरात जाऊ शकत नव्हतो. सोवळ्यातल्या बाईला ओवळ्या माणसाचा स्पर्श चालत नाही, आणि मी ओवळा होतो. रोजचे कपडे घालून, बाजारातून आलेला. दारात फडकं आडवं टाकलेलं होतं. मी त्या फडक्याच्या अलीकडे उभा राहून विचारायचो, गोळ्या घेतल्या? ती पाठमोरी, हात पुरणात, मान हलवायची. वहिनी म्हणायची, भाऊजी, किती वेळा विचारता, ती काय लहान पोट्टी आहे?

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या भोपाळच्या आमच्या घरात सजायच्या तशाच सजल्या. लोक आले, जेवले, पुरणाचं कौतुक झालं. ही समोर बसून सगळ्यांना वाढणाऱ्यांवर नजर ठेवून होती. चेहरा थोडा भरल्यासारखा दिसत होता. बायका म्हणाल्या, बघा, तब्येत कशी सुधारली, गाल वर आले. कोणी म्हणालं, देवीचं तेज आहे.

ते पाणी होतं.

विसर्जनाच्या संध्याकाळी तिनं उशा मागितल्या. तीन उशा लावूनही दमामुळे तिला टेकता येईना. सकाळी जिना उतरताना ती पुन्हा प्लास्टिकच्या खुर्चीत होती. पदर ओढून घ्यायलाही तिचा हात उठला नाही.

दवाखान्यात ड्यूटीवरच्या डॉक्टरनं विचारलं, काय झालं? मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, रोज साइकिल चलाती थी जी. त्यानं मान डोलावली. मला वाटतं, ते वाक्य तिथेच जन्मलं.

तोंडावर ऑक्सिजन लावला होता. जरा बरं वाटल्यावर तिनं तो बाजूला केला. मी विचारलं नव्हतं, तीच म्हणाली की तिनं ती लघवीची गोळी महालक्ष्म्या बसल्या त्या दिवसापासून घेतलीच नाही.

"काहून?" मी विचारलं.

"ती घेतली की सारखं जावं लागते. जाऊन आलं की सोवळं मोडते. मग पुन्हा आंघोळ, पुन्हा लुगडं. सगळे खोळंबले असते." ती थांबली, श्वास घेतला. "हार्टच्या गोळ्या घेतल्या ना, नैवेद्यानंतर. ती एकच नाही घेतली."

"मी विचारलं तर मान हलवलीस."

"मान हलवली. हो कुठं म्हटलं?"

ती हसायचा प्रयत्न करत होती. आज मला सगळ्यांत जास्त राग त्या हसण्याचा येतो. तिचा येतो. वर्षभर खुर्चीतून उतरलेली बाई, पाय परत मिळवलेली बाई, आणि आंघोळ करायला लागू नये म्हणून तिनं ते पाय देऊन टाकले. मी तिला हे बोललो नाही. बोलणार होतो, घरी गेल्यावर.

बाहेर येऊन मी डॉक्टरला गोळीचं सांगितलं. तो म्हणाला, हर त्योहार के बाद आते हैं ऐसे पेशेंट. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. दर वर्षी ठाऊक असतं. पण सणाच्या आधी पेशंटला जवळ बसवून, तुमच्या घरी सोवळं असतं का, उपास असतो का, मग गोळीचं काय करता, हे कोणी विचारत नाही. विचारायला लाज वाटते, किंवा वेळ नसतो. मग मी वहिनीला सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं आणि खरोखर गोंधळून म्हणाली, "पण ती तर लघवीची होती ना भाऊजी. हार्टची तर घेतलीच तिनं."

थोडं पाणी उतरलं. मग हृदयाची लय बिघडली, आणि ती घरी आली नाही.

तेरवीनंतर एक दिवस मी त्या वर्गात गेलो. कारण काही नव्हतं. पाय तिकडे वळले. एका सायकलीवर नवे गृहस्थ होते. दुसरी रिकामी. दीदीनं मला खुर्ची दिली आणि बराच वेळ पट्ट्या आवरत राहिली. मग म्हणाली की काकूही येत नाहीत. त्यांचा मुलगा येऊन सगळ्यांसमोर बोलून गेला: एक को तो मार दिया, अब मेरी माँ को छोड़ो. हे सांगून झाल्यावर तिनं मला विचारलं, "अंकल, सच बोलना. मैंने आंटी को ज़्यादा चलाया क्या?"

ज्या मुलीनं तिला जिना दिला तीच मुलगी रोज घरी जाऊन स्वतःला विचारते आहे की आपण तिला मारलं का. आणि तिकडे जे जेवून गेले, गाल वर आल्याचं कौतुक करून गेले, त्यांना शांत झोप लागते. मी तिला नाही म्हटलं. गोळीचं सांगितलं. ती रडली. मी तिथून निघालो तो सरळ काकूंच्या घरी.

दार मुलानं उघडलं. चांगला शिकलेला, नव्या रायपूरच्या एका कार्यालयात नोकरीला. त्याला मराठी कळतं, उत्तर तो हिंदीत देतो. "मम्मी आराम कर रही हैं, अंकल." आतून काकूंनी विचारलं, कोण आहे रे? मी उत्तर न देता आत गेलो. तसं मी कधी कोणाच्या घरात शिरलेलो नाही.

काकू पलंगावर होत्या, पाय लोडावर. मला पाहून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. फडकं, पुरण, गोळी. मुलगा दारात हाताची घडी घालून ऐकत होता. माझं संपल्यावर तो सौम्यपणे म्हणाला, "ठीक है अंकल, पर रिस्क कौन लेगा?"

"तू घेऊन राहिला," मी म्हटलं. "रोज. तिले इथं झोपवून. माझ्या बायकोले वर्षभर असंच झोपवलं होतं सगळ्यांनी, अन् त्याले माया म्हणत होते. ती सायकलीनं नाही मेली. ती बाथरूमले जायच्या लाजेनं मेली. हे तुझ्या ऑफिसात सांग, अन् त्या पोरीची माफी माग."

माझा आवाज चढला होता. सून आतून येऊन उभी राहिली. मग काकूंनी मला विचारलं, "तिनं खरंच नव्हती घेतली?"

"नव्हती."

त्या लोडाकडे पाहत राहिल्या. "मीबी नाही घेत. कुठं जायचं असलं की. भजनाले, लग्नाले. लोकाच्या घरी बाथरूम कुठं आहे म्हणून विचारत बसू काय?"

"मम्मी?" मुलगा म्हणाला. "कभी बताया नहीं."

"तुले काय सांगू ते? अन् हा पंधरवडा तर तुझ्या घरी येणारे-जाणारेच इतके होते. बैठकीतून उठून सारखं जायचं बरं दिसते काय?"

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. मला त्यातलं फार कळत नाही, पण पैंजणासारखी एक रेष मोज्याच्या काठाची उमटली होती आणि तिच्या वर पाय फुगलेला होता. मी मुलाला म्हटलं, उद्या सकाळी मी ऑटो घेऊन येतो. तो म्हणाला, देखते हैं. काकू मला म्हणाल्या, "देखते हैं म्हणजे नाही. तुम्ही या."

सकाळी गेलो तर त्या खाली येऊन उभ्या होत्या, तयार होऊन. मुलगा शेजारी, तोंड फुगवलेला, तोही ऑटोत बसला. रस्ताभर काकूच बोलत होत्या, दर दोन शब्दांनी थांबत.

वर्गात त्या सरळ सायकलीकडे निघाल्या. दीदीनं त्यांना अडवलं. आधी वजनाच्या काट्यावर उभं केलं. मग खुर्चीत बसवून, खाली बसून, त्यांच्या घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला. अंगठा काढल्यावर तिथे खळगा राहिला.

"आज साइकिल नहीं, आंटी. पहले ऊपर डॉक्टर के पास. अभी." तिनं मुलाकडे पाहिलं. "भैया, आप ले जाओ. पानी भरा है."

काकू रुसल्या. एवढं आणलं अन् बसू पण देत नाही, असं मला म्हणाल्या. मुलाच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही. त्यानं आईला हात दिला, तो तिनं घेतला, आणि ते दोघं लिफ्टकडे गेले.

मी खुर्चीत बसून राहिलो. महालक्ष्म्यांच्या त्या दुसऱ्या दिवशी माझ्या घरात शंभर माणसं जेवली असतील. त्यांतल्या प्रत्येकाकडे अंगठा होता. माझ्याकडेही होता, फडक्याच्या अलीकडे. पण सोवळ्यातल्या बाईला हात लावायचा नव्हता.

दीदीनं विचारलं, अंकल, पानी दूँ? मी नको म्हटलं. तिनं सायकलीवरच्या त्या नव्या गृहस्थांना सांगितलं, गप्प बसू नका, बोला. काय बोलू, ते म्हणाले. कुछ भी, ती म्हणाली. ते क्रिकेटबद्दल बोलू लागले. काकू वरून खाली येईपर्यंत मी ते ऐकत बसलो.